मांडव परतला, पाला कुठे जावा?

वैशाखातली दुपार. आलापल्लीहून हेमलकशाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात लग्न लागून चौथा दिवस. पाहुणे गेले, मागून आणलेली भांडी परत गेली, अंगणात मांडव तेवढा उभा. लग्नाच्या दिवशी ज्याच्या सावलीत बसून पंगत जेवली, तो जांभळीचा पाला आता तांबूस पडून सुरळी झाला होता. मुठीत चुरला की पापड मोडल्यासारखा वाजत होता. घरचा पोरगा म्हणाला, "काडी लावतो ना काका, दहा मिनिटांत अंगण मोकळं." चुलीजवळून त्याची आजी ओरडली, "लाव! अन् मंग सारं गाव घेऊन पळ नदीवर."

अंगणापासून जंगल पन्नास पावलांवर होतं. मधे गवताचं छप्पर असलेला गोठा, त्याला टेकून तणसाचा ढीग. आजीने हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं.

या लेखाचं निमित्त मात्र वेगळं. बल्लारपूरच्या एका मैत्रिणीने जानेवारीत विचारलं, "नाताळचं झाड सण झाल्यावर कुठे टाकावं? तू जंगलात राहतोस, तुला माहीत असेल." मला आधी हसू आलं. तिच्याकडे वर्षातून एक झाड घरात येतं, आमच्याकडे लग्नाच्या हंगामात घरोघरी अर्धी बैलगाडी डहाळ्या येतात. पण प्रश्न एकच आहे: सण-समारंभासाठी तोडून आणलेली हिरवळ सुकली की तिचं काय करायचं? जुन्या लोकांनी लग्नानंतरच्या एका विधीला 'मांडवपरतणी' असा छान शब्द ठेवला आहे. परतणं म्हणजे आलेल्या जागी जाणं. आपण मांडव नुसता मोडतो, परतवत नाही.

आधी, तोडतानाच

विल्हेवाटीचा निम्मा प्रश्न मांडवडहाळे आणायच्या दिवशीच सुटतो किंवा बिघडतो. जांभूळ, आंबा, उंबर, मोह ही मांडवाची ठरलेली झाडं. जांभळीला मान का, तर तिचा पाला तोडल्यावरही दोन-तीन दिवस तजेलदार राहतो. गोंडांच्या मांडवात मोहाच्या डहाळीला विशेष स्थान आहे आणि ते राहावंच. पण मानाला एक डहाळी पुरते, सगळं छप्पर मोहाचं करायची गरज नसते. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो, पुढे पावसाच्या तोंडावर टोळ, म्हणजे मोहाचं फळ, गळते. भर हंगामात मोहाची जाड फांदी तोडली तर कुणाच्या तरी घरचं फूल, तेल आणि आठवडी बाजारातले पैसे तोडले. मुख्य शेंडा न तोडता बाजूच्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या घ्याव्यात. पाच झाडांवरून थोडं थोडं घ्यावं, एकच झाड बोडकं करू नये. ग्रामसभेने काही नियम ठरवले असतील तर ते पाळावेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखायचा अधिकार गावाला दिला, तो अशा बारक्या गोष्टींत वापरायचा असतो.

दुसरी गोष्ट बांधणीची. हल्ली मांडव बांधायला लोखंडी तार आणि प्लास्टिकची सुतळी सर्रास येते. स्वस्त आहे, पटकन बांधून होतं, आणि उतरवताना कुणीही ती सोडवत बसत नाही. विळ्याने कापतात, तुकडे पाल्यात राहतात. तोच पाला जनावरांपुढे जातो. गाय आधी गिळते, रवंथ नंतर करते, त्यामुळे बोटभर तार तिला तोंडात कळतच नाही. ती पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते आणि हृदय तिथून जवळच असतं. तार पुढे सरकली की गाय हळूहळू खंगते, खाणं सोडते, आणि कारण कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. पळसाच्या मुळांची वाख किंवा माहूलवेलीच्या सालीचे दोर वापरणारे हात अजून आपल्या गावांत आहेत. ते पाल्यासकट कुजतात, सोडवायची कटकट नाही. तारच वापरायची असेल तर प्रत्येक गाठीला लाल चिंधी बांधा. उतरवताना गाठी मोजून काढता येतात. हा उपाय मला एका मांडववाल्याने शिकवला. तो तार पुन्हा वापरता यावी म्हणून करतो, गायीसाठी नव्हे. फरक पडत नाही.

काडी का लावायची नाही

जाळण्याचा मोह मला समजतो. पण गडचिरोली-चंद्रपुरात लग्नाचा हंगाम आणि वणव्याचा हंगाम एकच. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा काळ धरतं, त्याआधीच जाळरेषा साफ करून ठेवतं. याच दिवसांत मोहाखालचा पाचोळा जाळला जातो, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून. याच दिवसांत तेंदूला कोवळं पान फुटावं म्हणून कुणीतरी आग लावतं. त्यात आपल्या मांडवाची भर नको. जांभळीचं वाळलेलं पान हलकं असतं. पेटलेलं पान उष्ण हवेच्या झोताबरोबर वर उठतं आणि कुठे उतरेल याचा नेम नाही. जंगलाच्या जमिनीवर सागाच्या पानांचा थर पडलेलाच असतो.

कायद्याचंही सांगतो. राखीव जंगलात आग लावणं किंवा तिथे पसरेल अशी आग पेटती सोडणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. गावा-शहरात उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५ हजार रुपयांचा दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार. आग हाताबाहेर जाताना दिसली तर वाट न पाहता वनरक्षकाला कळवा, किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेचा हिशेब असा: दोन मीटर उंचीचं खरं नाताळचं झाड कचराभूमीत गाडलं तर सुमारे १६ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान होतं, कारण हवेविना कुजताना मिथेन सुटतो. तेच झाड जाळलं किंवा भुगा करून पसरलं तर साडेतीन किलो. म्हणजे तिकडे, डिसेंबरच्या ओल्या थंडीत, जाळणं गाडण्यापेक्षा बरं ठरतं. एखादा कुठेतरी वाचून आलेला माणूस हा आकडा आपल्या तोंडावर फेकेल म्हणून सांगून ठेवतो. तो आकडा हवेचा आहे. मे महिन्यातल्या भामरागडच्या जंगलाचा, तणसाच्या ढिगाचा आणि गवताच्या छपराचा हिशेब त्यात धरलेला नाही.

नदीत टाकणं हाही उपाय नव्हे. पर्लकोटा, पामुलगौतम, इंद्रावती पावसाळ्यात गावं तोडतात, पण मेमध्ये त्यांचं पाणी आटून ठिकठिकाणी डोह उरतात. डोहात गाडीभर पाला टाकला की तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. देवकाची पानं पाण्यात सोडायची रीत असेल तर तेवढी पाच पानं सोडा. किंवा ती झाडाच्या बुंध्याशी मातीत पुरा, देवक त्याने रुसत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांचा पाला

आता खरं काम. मांडव उतरवायला चार दिवस थांबू नका. लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाल्यात ओल असते, तेव्हाच तो सर्वांत मोलाचा. उंबर आणि जांभळीचा पाला शेळ्या आवडीने ओरबाडतात. डहाळी उलटी टांगून द्या, खाली टाकली तर निम्मी तुडवून वाया घालवतात. आंब्याचा पाला थोडाच द्यावा, गायींना रोज आंब्याचीच पानं घातली तर अपाय होतो. साग कुणी खात नाही. आणि सजावटीत कण्हेर, रुई किंवा घाणेरी आली असेल तर ती आधी वेगळी काढा. कण्हेरीची मूठभर पानंही मोठं जनावर मारायला पुरतात. हार-तोरणं जनावरांपुढे टाकण्याची आपली सवय इथेच घात करते.

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात नाताळनंतर हत्तींना झाडं खायला देतात. ते फोटो दरवर्षी सगळीकडे फिरतात. पण ती झाडं विक्रेत्यांकडे न विकता उरलेली असतात. घरोघरची सजवलेली झाडं ते घेत नाहीत, कारण त्यांवर रसायनं आणि चमकीचे तुकडे असू शकतात. हे इथे सांगायचं कारण आहे. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, त्याचा वर्धापनदिन नाताळच्या तोंडावर येतो आणि सुट्टीतली मंडळी गाड्या भरून येतात. डॉ. प्रकाश आमट्यांनी सांभाळलेले अनाथ प्राणी पाहताना हातातलं काहीतरी आत टाकायची अनेकांना हुक्की येते. हरणाला पाला टाकणं पुण्याचं वाटलं तरी विचारल्याशिवाय टाकू नका. घरची शेळी आणि पिंजऱ्यातलं जनावर यांचा आहार सारखा नसतो.

वाळलेल्या पाल्याचं खत

चौथ्या दिवसानंतर पाला जनावरांच्या कामाचा राहत नाही, जमिनीच्या कामाचा होतो. इथे आपल्या विदर्भातलीच एक पद्धत हाताशी आहे. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेप काका म्हणत, त्यांनी कमी शेणात जास्त काडीकचरा कुजवायची रीत बसवली. मूळ टाकं विटांचं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. पण विटा कशाला? मांडवाचेच बांबू चिरून ताटवे विणा आणि चार ताटव्यांचा चौकोन उभा करा. हवा आपोआप खेळते. खड्डा खोदू नका. आपल्याकडच्या पावसात खड्ड्याची विहीर होते आणि खताचा चिखल.

भरायची रीत अशी. तळाला आणि भिंतींना शेणपाणी शिंपडायचं. मग वीतभराहून थोडा कमी, सहा इंच, पाल्याचा थर. त्यावर चार किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून ओतायचं. त्यावर चाळलेली माती, ५० ते ६० किलो. असे थर चढवत काठाच्या वर दीड फूट न्यायचे आणि शेणमातीने लिंपून टाकायचे. पूर्ण टाक्याला शंभरेक किलो शेण लागतं, म्हणजे चार जनावरांच्या घरात दोन-तीन दिवसांचं. एका मांडवाच्या पाल्याने टाकं भरत नाही. ते चांगलंच. शेजारच्या दोन लग्नांचा पाला, पंगतीच्या पळसाच्या आणि माहूलच्या पत्रावळी, मोहाखाली झाडलेला पाचोळा, सगळं त्यात जाऊ द्या. मोहाखालचं झाडून इकडे आणलं आणि फुलांसाठी जुनी लुगडी अंथरली, तर तिथेही काडी लावायचं कारण उरत नाही.

घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. वाळल्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र फार कमी असतं. म्हणून नुसता पाला वर्षभर तसाच पडून राहतो आणि लोक म्हणतात खत होतच नाही. गोठ्यातलं गोमूत्र मिसळलेलं पाणी वापरलं की काम वेग धरतं. दुसरं, साग आणि मोहाचं पान जाड, चिवट. ते अख्खं घातलं तर एकावर एक चिकटून चामड्यासारखा थर होतो आणि पाणी आत शिरत नाही. रात्रभर शेणपाण्यात भिजवून, पायाने तुडवून मगच घाला.

मेमध्ये भरलेलं टाकं तीन ते चार महिन्यांनी, म्हणजे साधारण सप्टेंबरात उघडतं. जुलैच्या धानरोवणीला ते मिळेल, ही आशा लावू नका. हिवाळी भाजीपाल्याला मिळतं. बोटांत घेतल्यावर पावसाने भिजलेल्या जमिनीचा वास आला तर खत झालं. शेणाचा वास आला तर अजून महिनाभर झाका.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी वाडीतल्या वांगी-मिरचीच्या ओळींत तीन-चार इंच पाला नुसता पसरावा. मेच्या उन्हात जमिनीची ओल धरून ठेवायला याहून स्वस्त काही नाही. फक्त खोडापासून वीतभर अंतर सोडा आणि मातीच्या भिंतीला पाला टेकवू नका, वाळवी वाटच पाहत असते. पाल्याचा ढीग घरापासून लांब. ढिगात उंदीर येतात, उंदरामागे साप. उचलायच्या आधी काठीने दोनदा बडवा, हात घालू नका. गडचिरोलीत राहणाऱ्याला हे का सांगावं लागतं, असं वाटेल. पण लग्नाच्या थकव्यात लहान पोरांना "तेवढा पाला उचला रे" म्हणून धाडणारी घरं मी पाहिली आहेत.

डहाळ्या आणि मेढी

पाला झडून उरलेल्या बारीक डहाळ्या बहुतेक घरांत चुलीत जातात, जाऊ द्या. रंग लावलेली किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली काठी मात्र चुलीत नको. तो धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

त्याहून चांगलं काम सुचवतो. शेताच्या उतारावर पावसाने पाडलेली ओघळ असेलच. पहिल्या पावसाआधी तिच्यात आडव्या दोन रांगांत खुंट ठोका, हातभर अंतराने, आणि मधल्या फटीत डहाळ्या दाबून भरा. मध्यभाग काठांपेक्षा थोडा खाली ठेवा, नाहीतर पाणी बाजूने नवी वाट काढतं. पाणी गाळून पुढे जातं, माती मागे राहते. इंग्लंडमध्ये सेंट ॲन्सच्या किनाऱ्यावर दरवर्षी नाताळची जुनी झाडं वाळूत रोवून टेकड्या अडवतात, अमेरिकेतल्या लुइझियानात दलदलीच्या काठाने त्यांचेच बांध घालतात. युक्ती तीच आहे. खुंट मोई, सालई किंवा निर्गुडीचे घेतले तर पावसात त्यांना मुळं फुटतात आणि बांध जिवंत होतो.

बांबू फेकायची वस्तूच नाही. पण मांडवाचा बांबू अंगणात आडवा पडून राहिला तर पावसाळ्याआधी भुंगा त्याचं पीठ करतो. दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवा, त्यातलं भुंग्याला गोड लागणारं सत्त्व निघून जातं. नंतर सावलीत उभा वाळवून पडवीच्या आढ्यावर टाका. पुढच्या लग्नाला तोच.

आणि बल्लारपूरचं झाड

आता मैत्रिणीचा प्रश्न. आपल्याकडे नाताळला तीन तऱ्हेची झाडं दिसतात. सुरूची फांदी असेल तर वरचं सगळं लागू, फक्त तिच्या सुया हळू कुजतात. कुंडीतलं, रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळणारं अरॉकेरिया असेल तर त्याची विल्हेवाट लावायचीच नाही. ते मूळचं पॅसिफिकमधल्या बेटांवरचं, चंद्रपूरचा पारा ४६ वर गेला की होरपळतं. मार्चपासून पूर्वेच्या सावलीत ठेवायचं, कुंडीवर पाल्याचं आच्छादन घालायचं, दोन वर्षांनी कुंडी बदलायची. रंगीत दिव्यांच्या माळा चोवीस तास फांद्यांवर ठेवू नयेत, पानं करपतात.

तिच्याकडे निघालं तिसरंच, प्लास्टिकचं. ते पीव्हीसीचं असतं, जाळलं तर विषारी वायू सुटतात आणि जमिनीत कुजायचं नाव नाही. कार्बन ट्रस्टच्याच हिशेबात त्याचा भार ४० किलो. म्हणजे ते निदान बारा वर्षं वापरलं तरच दरवर्षी खरं झाड आणून जाळल्याच्या बरोबरीला येतं. तिचं नऊ वर्षांचं आहे, एक फांदी तुटली म्हणून टाकायला निघाली होती. मी म्हटलं, तुटलेली बाजू भिंतीकडे कर आणि अजून तीन नाताळ काढ.

त्या गावातला मांडव त्या दुपारी जळला नाही. पोरगा आणि मी दोघांनी मिळून उतरवला, अडीच तास लागले, तारेचे सदतीस तुकडे निघाले. आजीने ते मोजून डब्यात भरले. उंबराची मेढ तिने काढू दिली नाही. ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा तिच्यावर दोडक्याचा वेल चढला होता आणि बुंध्याशी उंबराला दोन पानं फुटली होती.